फ्रीजमधल्या किल्ल्या

“तीनदा हाक मारली. आता चौथ्यांदा मारायला मी काय भाजीवाली आहे?”

काकू हे कुणालाच उद्देशून म्हणाल्या नाहीत. जवळ फक्त मी होतो, टेबलावर, माझ्या उघड्या पेटीत. काका खिडकीपाशी पाठमोरे बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. शेवटी काकूंनी टेबलावर थाप मारली. जमीन हादरली तसे काका वळले.

“काही म्हणालीस?”

“निघायला हवं म्हटलं. महोत्सववाले वाट बघत असतील.”

“मग तसं नीट सांग ना. आपली तोंडातल्या तोंडात पुटपुटत बसतेस.”

काकूंनी माझ्या पेटीचं झाकण लावलं, जरा जोरातच.

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. लांब दांडीच्या टोकाला लटकून, नटनट्यांच्या डोक्यावर तरंगत त्यांचं बोलणं टिपणारा. बाहेर वारा असला की मला केसाळ टोपी घालतात. मग लहान मुलं मला बोका समजून हात लावायला येतात. मी पडद्यावर कधी दिसत नाही. चुकून दिसलोच तर सगळे माझ्या नावाने बोंब मारतात.

माझा जन्म एका कारखान्यातल्या स्वच्छ, पांढऱ्या खोलीत झाला. भिंग लावलेल्या एका बाईने माझ्या छातीत कांद्याच्या सालीहून पातळ पापुद्रा बसवला. त्या वेळी तिने श्वास रोखून धरला होता. तो रोखलेला श्वास हा मी ऐकलेला पहिला आवाज. पुढे सिनेमांसाठी आवाज टिपणारे काका मला घरी घेऊन आले, तेव्हा काकूंनी पेटीत डोकावून विचारलं होतं, “एवढंसं? मला वाटलं, बाळ आणलंत की काय, अशा बेताने धरलंय!”

काकांचे कान म्हणजे काय सांगू! सगळे त्यांना कानसेन म्हणत. मी जे टिपायचो, ते त्यांना माझ्याही आधी कळायचं. एकदा अगदी रडारडीचा प्रसंग चालू होता. काकांनी हात वर केला. “थांबा. कुणाच्या तरी पोटात कावळे ओरडतायत.” सगळे एकमेकांकडे बघू लागले आणि दिग्दर्शक लाजत म्हणाला, “माझ्याच. सकाळपासून काही खाल्लं नाही हो.”

काकांची एक सवय मला फार आवडायची. कुणाच्या घरी चित्रीकरण असलं की ते आधी स्वयंपाकघरात जाऊन फ्रीज बंद करायचे, कारण फ्रीजची घरघर संवादांच्या खाली चिकटून बसते आणि मग काही केल्या सुटत नाही. पण काम संपल्यावर फ्रीज पुन्हा सुरू करायचा राहिला तर त्या घरचं दूध नासणार. म्हणून काका स्वतःच्या घराच्या किल्ल्या त्या फ्रीजमध्ये ठेवायचे. किल्ल्यांशिवाय घरी जाता येत नाही. किल्ल्या घ्यायला फ्रीज उघडावाच लागतो. गारठलेल्या किल्ल्या खिशात घालून आम्ही कितीतरी घरांमधून बाहेर पडलो आहोत.

आणि शेवटी एक मिनिट शांतता. सगळ्यांनी होते तिथे उभं राहायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही. मी त्या खोलीची शांतता टिपायचो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, मित्रांनो. ती नंतर दोन संवादांच्या मधे अस्तरासारखी लावतात.

कौतुक मात्र आमच्या वाट्याला फारसं आलं नाही. आवाज चांगला असला की तो कुणाच्या लक्षातच येत नाही. काकू म्हणायच्या, “म्हणजे माझ्या स्वयंपाकासारखंच की! खारट झालं तरच आठवण.”

मग हळूहळू काहीतरी बदलायला लागलं. घरातला टीव्ही मोठा झाला. काकूंचा आवाज मोठा झाला. काका कामावर कानांपेक्षा रेकॉर्डरवरच्या काट्याकडे जास्त बघू लागले. काटा हलला म्हणजे आवाज आला, इतकं त्यांना पुरत होतं. लोक म्हणत, “त्यांचं लक्ष नसतं हल्ली.” काकू म्हणत, “थकलेत.” काका म्हणत, “तुम्ही सगळे पुटपुटता.” मला सगळं कळत होतं, पण मला फक्त ऐकता येतं. बोलायची सोय माझ्यात नाही.

अशात त्यांच्या पुतणीने सिनेमा करायचा ठरवला. घरच्याघरी, जमेल तसा, मित्रमैत्रिणींना हाताशी धरून. एकट्या राहणाऱ्या म्हातारीची गोष्ट होती आणि तिचं स्वयंपाकघर म्हणून काकूंचंच स्वयंपाकघर वापरायचं होतं. काकूंनी ओटा घासून लख्ख केला आणि पुतणीने तो पुन्हा मळवला. “काकू, म्हातारीचं घर आहे गं.” “मग मी कोण, तरुणी?”

शेवटच्या प्रसंगात फोन वाजतो. मुलगा येणार नसल्याचं म्हातारीला कळतं आणि ती फोन खाली ठेवते. मी तिच्या डोक्यावर तरंगत होतो. पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. फ्रीज चालू होता. घराच्या किल्ल्या दाराजवळच्या खिळ्यालाच होत्या. स्वतःच्याच घरी किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवायची गरज काय, असं वाटून विसरले असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण घरघर तर माझ्यातून सरळ त्यांच्या हेडफोनमध्ये जात होती! काका शांतपणे काट्याकडे बघत होते. काकूंनी खिळ्याकडे पाहिलं, फ्रीजकडे पाहिलं, जमलेल्या सगळ्या पोरांकडे पाहिलं आणि पदर तोंडावर धरून उभ्या राहिल्या.

म्हातारीने फोन ठेवला, आणि नेमका त्याच क्षणी फ्रीज थांबला. फ्रीज असतातच तसे. मनाला येईल तेव्हा गुरगुरतात, मनाला येईल तेव्हा गप्प.

पुतणीला ते कळलं एडिटिंगला बसल्यावर. तिने काकांना बोलावलं नाही. घरघर तशीच ठेवली.

सिनेमा स्वतंत्र चित्रपटांच्या महोत्सवात गेला आणि सर्वोत्तम ध्वनीचं पारितोषिक काकांना मिळालं! परीक्षक मंचावर म्हणाले, “त्या घराची सतत चालणारी घरघर, आणि फोन ठेवताच तिचं थांबणं... तिथे आमच्या काळजाचा ठोका चुकला.” काकांना ते नीट कळलं नाही. त्यांनी पुतणीकडे पाहिलं. तिने ते शब्द त्यांच्या कानाशी जाऊन सांगितले. टाळ्या वाजत होत्या आणि काकांचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं होतं.

घरी आल्यावर ते दिवा न लावता स्वयंपाकघरात गेले. फ्रीजवर तळहात टेकवून उभे राहिले. बराच वेळ. हाताला ती थरथर लागत असणार. काकू दारात होत्या. “जेवायला वाढू?” एवढंच त्या म्हणाल्या.

ट्रॉफी काकूंनी फ्रीजवर ठेवली. मुद्दाम, की दुसरीकडे जागा नव्हती म्हणून, कुणास ठाऊक. तिची पितळी पट्टी जरा सैल आहे. फ्रीज सुरू झाला की ती खुळखुळते. घरात काकूंना ऐकू येतं आणि मला. रात्री काकू उठतात, पट्टी बोटाने दाबून धरतात आणि पुन्हा जाऊन पडतात. झोप काही लागत नाही.

त्यातच एक दाढीवाला दिग्दर्शक मोठ्या ऐटीत घरात आला. त्याला नव्या सिनेमासाठी काकाच हवे होते. “माझी पात्रं पूर्ण सिनेमाभर कुजबुजतात,” तो अभिमानाने म्हणाला. “असे कान दुसऱ्या कुणाकडे नाहीत.” काका हो म्हणाले. काम सोमवारी सुरू व्हायचं होतं. घरात मात्र सगळे फक्त मोजे कुठे, चष्मा कुठे, एवढंच बोलत होते.

तर आज महोत्सवात गेल्या वर्षीच्या विजेत्यांशी गप्पा होत्या. छोटंसं सभागृह. सिनेमा शिकणारी मुलं जमिनीवर मांडी घालून बसलेली. पुतणी काकांच्या शेजारी, काकू पहिल्या रांगेत आणि काकूंच्या शेजारी तो दाढीवाला. सगळ्यांना दाखवायला म्हणून काकांनी मला दांडीवर चढवलं होतं.

मागून एका मुलीने विचारलं, “फ्रीजचा आवाज ठेवायचं तुम्हाला कसं सुचलं?”

काका हसून मान हलवत राहिले. सभागृहात चुळबुळ झाली. पुतणीने प्रश्न मोठ्याने पुन्हा सांगितला. तिचा आवाज फाटला.

“सांगतो,” काका म्हणाले. “आधी एक मिनिट शांतता. कुणी हलायचं नाही.”

त्यांनी हेडफोन लावले. सगळे गप्प झाले. मित्रांनो, त्या मिनिटात मी तुम्हाला माझं मागणं सांगून घेतो. माझी तार पिरगाळू नका, मला ओलीत ठेवू नका, हे तर आहेच. पण घरात कुणी तुम्हाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागलं, तर नुसता आवाज चढवून वेळ मारून नेऊ नका. त्यांच्यासमोर जाऊन बसा. तुमचा चेहरा त्यांना दिसू द्या. मग काय असेल ते बोला. आमच्या घरात हे कुणाला जमलं नाही. सगळे प्रेमाचेच होते, तरीही.

समोरच्या रेकॉर्डरवरचा काटा हलला. काकांनी तो पाहिला.

“हा कसला आवाज?” काट्याकडे बोट दाखवत त्यांनी त्या मुलीला विचारलं.

तिने वर बोट दाखवलं. पंखा. करकरत फिरणारा, चांगला मोठ्याने. काका त्याच्याकडे बघत राहिले. पुतणीने काही बोलायला तोंड उघडलं. काकू अर्धवट उठल्या. “अहो, पुरे आता, चला.”

काकांनी त्यांना हातानेच बसवलं. हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मला दांडीवरून सोडवलं आणि हातात धरलं, पहिल्या दिवशी धरलं होतं तसंच, बेताने. इतक्या वर्षांत मी सगळ्यांचे आवाज टिपले, त्यांचा कधी टिपला नव्हता. तो इतक्या जवळून मला आज पहिल्यांदाच मिळाला. त्यांनी आधी दाढीवाल्याकडे पाहिलं, मग काकूंकडे.

“सुचलं वगैरे काही नाही, पोरी. फ्रीज चालू आहे हे मला कळलंच नव्हतं. मला ऐकू येत नाही.”