अळणी पाव

धाकट्याच्या हातचा पाव गल्लीत नावाजलेला. चर्चमध्ये रविवारी प्रसादासारखा सगळ्यांना वाटायचा प्रभुभोजनाचा पावही तोच भाजायचा, तोही फुकट! पण ताट फिरत त्याच्यापाशी आलं की हा पठ्ठ्या तुकडा न उचलता ते सरळ पुढे सरकवायचा. लोक म्हणायचे, केवढा नम्र माणूस! नम्र कसला डोंबलाचा? मन खात होतं मेल्याला.

गेल्या वर्षी पावाचे साचे पुसायच्या तेलकट चिंध्या भट्टीवर वाळत टाकून हा घरी गेला आणि बेकरीची मागची खोली जळून खाक झाली. याच्या बायकोला तेव्हा दिवस गेलेले. त्याच बेकरीत मुख्य कारागीर असलेल्या थोरल्या भावाने, दादाने, मालकाला सांगून टाकलं, "चिंध्या मी टाकल्या." दादाची नोकरी गेली, तो बाजारात पोती उचलू लागला आणि धाकटा त्याच्या जागी मुख्य कारागीर झाला. तोंडातून अवाक्षर काढलं नाही याने! दादाचं घर टाळायचं, चर्चचा पाव घरी एकट्याने मळायचा आणि त्यातला घासही खायचा नाही. एवढ्याने पाप फिटणार होतं म्हणे.

त्या रविवारी पाळकसाहेब सांगत होते, आपली शिक्षा दुसऱ्याने, प्रभूने सोसली. धाकट्याची मान खाली. ताट आलं, त्याने ते सरकवलं, तोच कुणीतरी मनगट धरलं. शेजारी दादा येऊन बसला होता.

"घे."

"माझी लायकी नाही, दादा."

"लायकी बघून पाव वाटला असता तर ताट भरलेलंच परत गेलं असतं. घे म्हणतो ना!"

धाकट्याने तुकडा तोंडात टाकला आणि चमकला. पावात मीठच नव्हतं! बेकरीत मीठ टाकायचं काम आधी दादाचं, आता दुसऱ्या कारागिराचं. घरी मळताना याच्या ते कधी ध्यानातच आलं नाही, आणि चाखणं तर सोडलेलं.

"वर्षभर असाच?"

"वर्षभर. लोकांना वाटतं, देवाच्या पावाची हीच रीत," दादा कुजबुजला. "उपास तुझा आणि तोंड आमचं बेचव! अरे शहाण्या, मी नोकरी सोडली ती भाऊ गमवायला नाही. घरी फिरकलास का एकदा तरी?"

धाकट्याला हसू आलं आणि लगेच भडभडून आलं. शरमेने जीव नकोसा झाला. पश्चात्तापसुद्धा त्याने स्वतःपुरताच केला होता.

प्रार्थना संपल्यावर दादा म्हणाला, "चल, वहिनी वाट बघतेय." पण धाकटा दाराशी उभ्या मालकाकडे वळला. घरात तान्हं लेकरू, नोकरी जाणार, सगळं कळत होतं.

"मालक, चिंध्या मी टाकल्या होत्या."

मालकाने दादाकडे बोट दाखवलं. "मग हा का खोटं बोलला?"

"माझ्यासाठी," धाकटा म्हणाला. वर्षभरात हे त्याने मोठ्याने कधी म्हटलं नव्हतं, स्वतःशीसुद्धा. तिथेच, चारचौघांत, तो दादाच्या खांद्यावर डोकं टेकून रडला.