टोपलीवरचं बोट

मर्ना रॅफ्यूजचं नाक अख्ख्या खोऱ्यात नावाजलेलं. जुलै लागला की चर्चच्या हॉलमध्ये स्ट्रॉबेरीचं जेवण असतं. त्या दिवशी सकाळी मळेवाले मागच्या अंगणात आपापली टोपली मांडतात, निवडणारी बाई वाकून वास घेते आणि एका टोपलीवर बोट ठेवते. बोट ज्या टोपलीवर, त्या मळ्याची फळं रात्रीच्या शॉर्टकेकवर. बाकीच्यांनी आपली फळं घरी न्यावीत आणि जाम करावा! हा मान आधी मर्नाच्या सासूकडे होता. जाताना म्हातारीनं तो पोटच्या लेकीला सोडून सुनेला दिला, आणि तेव्हापासून नणंदेच्या, म्हणजे अर्डिथच्या, पोटात जे दुखतंय ते थांबायचं नाव घेत नाही.

यंदा मात्र घात झाला होता. फेब्रुवारीतल्या तापानं मर्नाचं नाक पार मेलं. कॉफी म्हणजे नुसतं कडू पाणी. डॉक्टर म्हणाले, वास परत आला तर आला. ही गोष्ट एकट्या नवऱ्याला, व्हॉनला ठाऊक.

"सांगून टाक ना सरळ," व्हॉन म्हणाला.

"आणि मान अर्डिथच्या पदरात घालू? मेले तरी नाही!"

"मग मी खोकतो. चांगली टोपली दिसली की मी खोकणार, तू बोट ठेव."

मर्नानं कपाळाला हात लावला. या माणसाला कच्चा पीच आणि बटाटा यांतला फरक कळत नव्हता. पण बुडत्याला काडीचा आधार, ती हो म्हणाली.

आठवडाभराच्या पावसानं बऱ्याच जणांची फळं कुजली होती, म्हणून अंगणात दोनच टोपल्या आल्या. एक अर्डिथच्या जावयाची. फळं टपोरी, चकचकीत, एकासारखं एक. दुसरी बेझन्सन म्हाताऱ्याची. बारकी, काळपट लाल, वेडीवाकडी. व्हॉन गोठ्यातून तसाच, माखलेल्या बुटांनी आला आणि टपोऱ्या फळांपाशी असा खोकला, की पाद्रीबाईंनी धावत पाणी आणलं.

मर्ना वाकली. काही नाही. दुसऱ्या टोपलीवर वाकली. तिथंही काही नाही.

"काय वहिनी, सर्दी झालीय की काय?" अर्डिथनं टोचलं. "एरवी एवढा वेळ लागत नाही तुला."

मर्ना पुन्हा पहिल्या टोपलीकडे वळली. कुठंतरी बोट ठेवायचं आणि सुटायचं, एवढंच तर होतं! पण सासू म्हणायची, फळाशी लबाडी केलीस तर ते ताटात जाऊन चुगली करतं. मर्ना सरळ उभी राहिली.

"माझं नाक गेलंय," ती म्हणाली. "फेब्रुवारीपासून."

अर्डिथचे डोळे लकाकले. "मग सरक बाजूला. आईचा मान आता..."

"थांब जरा! नाक गेलंय, अक्कल नाही गेली."

मर्नानं गवतातच बसकण मारली. टपोरं फळ घेऊन त्याची हिरवी टोपी उचलली. खाली देठाजवळचा भाग पांढराफटक. फळ फोडलं, तर आत पोकळ. दात लावला, पाणचट. मग बेझन्सनचं बारकं फळ घेतलं. टोपी हात लावताच सुटली, फळ देठापर्यंत लाल, बोटंही लाल झाली. जिभेवर आधी गोड आणि मागून जराशी आंबट चव. जीभ काही मेली नव्हती, देवाची कृपा! तिनं बेझन्सनच्या टोपलीवर बोट ठेवलं.

"ही."

"अंदाजपंचे!" अर्डिथ फणकारली.

"मग तू चाख. घटकाभर जावई विसर, आई आठव, आणि सांग."

अर्डिथनं दोन्हीकडचं एकेक फळ खाल्लं. बाई कितीही जळकी असली तरी जीभ आईचीच होती. ती बराच वेळ चघळत राहिली. मग तिचा हात आपसूकच पुन्हा बेझन्सनच्या टोपलीत गेला.

"हीच," ती पुटपुटली. "आईनंही हीच घेतली असती."

टाळ्यांचा कडकडाट झाला. व्हॉन धावत आला आणि त्यानं बायकोला मिठीच मारली.

"शी! लांब हो!" मर्नानं त्याला ढकललं. "कसला घाणेरडा वास मारतोयस!"

आणि ती जागच्या जागी थिजली. सगळेच थिजले.

"व्हॉन... तुझ्या बुटांना शेणाचा वास येतोय. अरे, येतोय! मला वास येतोय!" ती रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदमच. तेवढ्यात कुणीतरी बेझन्सनची टोपली तिच्या नाकाशी धरली. बघते तर अर्डिथ! डोळे पुसत म्हणाली, "घे वहिनी. नीट घे वास." मर्नानं डोळे मिटले. आधी पुसट, मग भरभरून वास आला, उन्हात तापलेल्या स्ट्रॉबेरीचा. ती किती तरी वेळ टोपलीतून तोंड वर काढेना.

"बूट काढून येतो गं," व्हॉन ओशाळून म्हणाला.

"खबरदार!" मर्ना टोपलीतूनच गरजली. "आज जेवायला माझ्या शेजारी बसायचं, बुटांसकट!"