ओठांची बोली

सिंधुबाई बर्नलीहून नाशिकला परत आली ती एक्क्याऐंशी साली. विलायतेतलं ते गिरण्यांचं गाव. तिथल्या मागांवर तिची आणि निवृत्तीची, नवराबायकोची, उमेदीची सगळी वर्षं गेली. गिरणी बंद पडली तशी दोघं अंबडजवळ लहानसं घर घेऊन राहिली.

आल्या आल्या ती थोरल्या नणंदेला, लंकाबाईला, भेटायला गेली. गळ्यातली गाठ काढली तेव्हापासून लंकाबाईचा आवाज गेला होता. अक्षरओळख नव्हती. ती काही सांगायला गेली की ओठ नुसते हलायचे. घरातले अंदाजानं कधी पाणी आणून द्यायचे, कधी गोळी. शेवटी तिनं सांगणंच सोडलं होतं.

सून लताबाईनं चहा आणला. कपाकडे पाहून लंकाबाईचे ओठ जरासे हलले.

"आलं नको म्हणतायत आक्का. झोंबतं त्यांना," सिंधुबाई म्हणाली.

लता बघतच राहिली. "अगं बाई! गळ्याला बरं म्हणून मी रोज ठेचून घालते. तुम्हाला कसं कळलं, मामी?"

"गिरणीत शिकले. मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाय. तिथल्या बाया ओठांवरच बोलायच्या."

"पण ते इंग्रजी ना?"

"ओठ तेच की गं."

लंकाबाईनं तिचा हात घट्ट धरला. ओठ भराभर हलू लागले. "सावकाश, आक्का," सिंधुबाई हसत म्हणाली. मग लंकाबाईनं विचारलं, कसं होतं तुझं ते गाव?

असं तिला कोणी विचारलंच नव्हतं. लोक लंडनचं विचारायचे, नाहीतर राणीचं.

"तिथला कालवा घरांच्या वरून जातो, आक्का. उंच बांध घातलाय. खाली रस्ते, घरं आणि वर होड्या. एके काळी आपल्याकडचा कापूस विलायतेला जायचा आणि कापड होऊन आपल्याकडंच विकायला यायचा. जिकडं बघावं तिकडं धुराडी. मी गेले तेव्हाच कितीतरी थंड पडलेली. मग एकेक पाडायला लागले. लोक रस्त्यावर उभं राहून बघायचे."

आणि तुमची गिरणी? लंकाबाईचे ओठ हलले.

"शेवटच्या दिवशी माग थांबले. सगळं शांत. तरी आम्ही बाया ओठांवरच बोलत होतो. मोठ्यानं बोलायचा धीरच कोणाला झाला नाय."

परत आल्यापासून ती पहिल्यांदाच रडली. लंकाबाईनं पदरानं तिचे डोळे पुसले.

मग दर आठवड्याला तिची फेरी होऊ लागली. ती लताला सासूसमोर बसवायची आणि एकेक शब्द ओळखायला लावायची. दिवाळीपर्यंत लताला अख्खी वाक्यं कळू लागली. लंकाबाईला तर वाचा फुटल्यासारखं झालं. भाकरी जाड झाली, पडदा मळलाय, वाल्मीक उशिरा येतो, तू नवऱ्याला काही बोलत का नाहीस!

"मामी," लता एकदा वैतागून म्हणाली, "आता माझं एक काम धड नाय म्हणे!"

लंकाबाईचे खांदे गदगदा हलले. आवाज नव्हता, पण तिच्या हसण्यात लताही हसू लागली.