वरच्या आवाराचं नाव

माझ्या दिराला, लिंडिलेला, एक खोड आहे. कागद दिसला की हात पुढे करतो, आणि एकदा का कागद त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात गेला की तो पुन्हा उजेड बघत नाही. माझ्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला त्या खिशातून बाहेर काढायला मला चार महिने लागले होते. तरी मी त्याला ते पत्र दिलं. माझी अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय.

पत्र आलं महिन्याच्या आठ तारखेला. मी तिसरीपर्यंत शाळेत गेले, पुढे मेंढरं राखली, त्यामुळे इंग्रजी कागदाशी माझी ओळख नाही. सून झोलेकाने वाचलं आणि वाचता वाचता ती मटण कापायच्या ओट्यावरच बसली. ओट्यावर कुणी टेकलेलं मला खपत नाही. पण तिचं तोंड बघून मी तिला उठवलं नाही.

"महिनाअखेरपर्यंत कच्चं मटण विकणं बंद करा म्हणतात, आई. नाहीतर गाळा खाली करा."

"का म्हणे?"

"मोठ्या दुकानाच्या करारात आहे. ह्या आवारात कच्चं मटण, भाजी आणि पाव फक्त त्यांनीच विकायचा."

"मग आपण बारा वर्षं काय विकलं? फुलं?"

बारा वर्षं मोठ्या दुकानात नुसतं बर्फातलं मटण होतं, दगडासारखं. ते घेऊन जाणारी बाई दुसऱ्या शनिवारी माझ्याकडे यायची. मागच्या हिवाळ्यात त्यांनी काचेमागे ताज्या मटणाचा ओटा टाकला, पांढऱ्या टोपीचा माणूस उभा केला, आणि करारातली ती ओळ जागी झाली.

दुकानांच्या ह्या आवाराला माझ्या सासऱ्यांचं नाव आहे. ते गावचे मुखिया होते. गुरं चरायची ते रान त्यांनी आवार बांधायला दिलं, म्हणून मालकांनी फाटकावर माणसाएवढ्या अक्षरांत त्यांचं नाव लावलं आणि आमच्या घराला कोपऱ्यातला एक गाळा भाड्याने दिला. सासऱ्याचं नाव सुनेच्या तोंडी येत नाही. एकेचाळीस वर्षांत मी ते तापात बरळतानासुद्धा घेतलेलं नाही. मी त्या जागेला 'वरचं आवार' म्हणते, आणि मी, मातोलो, म्हणते म्हणून अर्धं मालेन्गेनी गाव तसंच म्हणतं.

पत्राची भीती मला माभेलेमुळे जास्त वाटली. माभेलेचा भाजीचा गाळा माझ्यापासून तिसरा होता. दोन वर्षांपूर्वी तिला असंच पत्र आलं. ती भांडली. एका सकाळी आली तर दाराला नवं कुलूप, आणि माल आत. आठ दिवस आम्ही काचेतून तिची कोबी सडताना बघितली. आधी बाहेरची पानं पिवळी पडली, मग काळी, मग दाराखालून पाणी यायला लागलं. माभेले रोज यायची आणि काचेला कपाळ टेकून उभी राहायची. आता ती टॅक्सीच्या अड्ड्यावर पोतं अंथरून बसते. पत्र आल्यापासून मी तिकडून जाणं टाळत होते. कोबीला आठ दिवस लागले. मटणाला दोन पुरतात.

लिंडिले त्याच संध्याकाळी आला. आवाराचा कारभार बघणाऱ्या लाउब्सरच्या ऑफिसात तो आठवड्यातून दोन दिवस बसतो, गावाचा माणूस म्हणून. त्याला तिथं स्वतःची खुर्ची आहे, आणि तो ती खुर्ची घरीसुद्धा पाठीला लावूनच हिंडतो.

"दे इकडे, वहिनी. मी बोलतो लाउब्सरशी. गाळ्याचा करार माझ्याच सहीचा आहे."

मी दिलं. सासूबाई गेल्या तेव्हा हा तीन वर्षांचा होता, माझ्या पाठीला बांधून मी शेतात जायचे. त्याला नाही म्हणायची मला सवय नाही.

त्यानंतर तो दुकानात फिरकला नाही. दर शनिवारी मेंढीची एक मुंडी त्याच्यासाठी बाजूला काढलेली असते, घरातल्या मोठ्या पुरुषाचा मान म्हणून. दोन मुंड्या तशाच राहिल्या. तिसऱ्या शनिवारी मी त्याला मोठ्या दुकानातून बाहेर येताना बघितलं. हातात प्लास्टिकच्या ताटलीतलं मटण, आणि मान अशी खाली जणू रस्त्यावर पैसे पडलेत.

त्याच आठवड्यात आमच्या समोर आवाराचा एक पहारेकरी उभा राहायला लागला. काही बोलायचा नाही. आमच्याकडे गिऱ्हाईक आलं की वहीत एक रेघ मारायचा. चार दिवसांत गिऱ्हाइकांना ते कळलं. वजडी न्यायला येणाऱ्या बायका पदराआडून बोलाव्यात तशा हळू बोलायला लागल्या. मी स्वतः सुरा हळू ठेवायला लागले. माझ्याच दुकानात मी माझ्याच सुऱ्याचा आवाज दाबत होते, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला घाम फुटला.

रेडिओवर झोलेकाने ऐकलं की सत्तावीस तारखेला प्रिटोरियाचे लोक नगरपालिकेच्या सभागृहात येणार आहेत. व्यापारात कोण कुणाची वाट अडवतं हे बघणारं त्यांचं ऑफिस आहे. मोठ्या दुकानाने असले करार करून लहान दुकानाला हाकलणं आता कायद्यात बसत नाही, कुणाला असं हाकलत असतील तर येऊन सांगा, असं म्हणाले.

"लहान दुकानालाच कशाला, आई," झोलेका म्हणाली. "तो मधला गाळा तीन वर्षं वर्तमानपत्रं चिकटवून बंद आहे ना? तिथं दुसरं मोठं दुकान यायला निघालं होतं. त्यांनाही ह्याच कराराने अडवलं."

"म्हणजे हत्तीलाही अडवलं आणि शेळीलाही."

"हत्ती वकील घेऊन येतो. आपल्याला स्वतः जावं लागेल."

सव्वीस तारखेला दुकान बंद करताना लिंडिले आला. आत आला नाही, उंबऱ्यावर उभा राहिला.

"वहिनी, उद्या जाऊ नकोस."

"माझं पत्र दे."

"ते ऑफिसात आहे. ऐक माझं. लाउब्सर म्हणाला, जो बोलेल त्याचा गाळा पहिला जाईल. गप्प बसलीस तर तो शिजवलेलं विकू देईल. पाय, सूप, असलं."

"आणि तू काय म्हणालास त्याला?"

"मी काय म्हणणार?"

"तेच विचारते. खुर्ची आहे ना तुला? खुर्चीतून काय म्हणालास?"

त्याने मागे वळून पहारेकऱ्याकडे बघितलं. तेव्हा मला कळलं की हा माझ्यासाठी घाबरलेला नाही. हा नुसताच घाबरलेला आहे, वरपासून खालपर्यंत.

सकाळी निघताना नातीला ताप होता. झोलेकाला मी दुकानातच ठेवलं. एक दिवस जरी दार बंद दिसलं तरी कुलूप बदलायला निमित्त मिळालं असतं. सभागृहात शंभर खुर्च्या मांडल्या होत्या आणि आम्ही दुकानवाले नऊ. पुढच्या रांगेत लाउब्सर, त्याचा वकील आणि त्याच्या शेजारी, इस्त्रीचा कोट घालून, माझा दीर. दाराजवळ माभेले बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

टेबलामागे प्रिटोरियाची एक पोरगी होती, झोलेकाच्या वयाची, पण आमच्याच भाषेची. तिने मला बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. बारा वर्षं, पांढरी टोपी, पत्र, वहीतल्या रेघा.

"ते पत्र आणलंय का, मावशी?"

"ते माझ्या दिराकडे आहे. गाळ्याचा करारही त्याच्याकडेच."

सगळ्यांनी लिंडिलेकडे बघितलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"बरं. हा गाळा कुठल्या आवारात आहे, तेवढं नोंदीसाठी सांगा."

"वरच्या."

वकील उठला. आपल्या मालकांची ह्या गावात तीन आवारं आहेत, म्हणाला, 'वरचं' नावाचं एकही नाही. कागद नाही, नाव नाही, तर ही तक्रार कुणाविरुद्ध नोंदवायची?

पोरीच्या लक्षात आलं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "सासऱ्यांचं नाव आहे का?"

मी मान हलवली.

"मग मी नाव म्हणते, तुम्ही हो म्हणा."

वकील पुन्हा उठला. साक्षीदाराला उत्तर सुचवता येणार नाही, म्हणाला. पोरीने ओठ चावला. मग म्हणाली, "घरातल्या दुसऱ्या कुणी सांगितलं तर चालेल. घरातलं कुणी आहे इथं?"

मी बोट केलं नाही. करायची गरज नव्हती. अर्ध्या सभागृहाला ठाऊक होतं की पहिल्या रांगेत बसलेला तो माणूस त्या नावाचा मुलगा आहे. त्याला फक्त उभं राहायचं होतं आणि बापाचं नाव घ्यायचं होतं. तीन वर्षांचा असताना हेच नाव तो दिवसातून दहा वेळा ओरडायचा, माझ्या पाठीवरून, सगळ्या रानाला ऐकू जाईल असं.

लाउब्सरने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसती मांडी बदलली.

पंखा फिरत होता. लिंडिलेचा हात कोटाच्या कडेला गेला आणि तिथंच राहिला. उठतोय, मला वाटलं. आता उठतोय. पोरगी वाट बघत होती. वकिलाने घड्याळ बघितलं.

तो उठला नाही.

मला तेव्हा दोन भीती एकदम वाटल्या, आणि कुठली मोठी ते ठरेना. एक कुलपाची. दुसरी, घरी तापलेल्या नातीची, आमच्या रीतीने घरच्या गोठ्यात पुरलेल्या त्या म्हाताऱ्या सासऱ्याची, ज्याच्यासमोर मी कधी डोकं उघडं टाकून गेले नाही. सुनेने नाव घेतलं की घरावर काय येतं ते मी लहानपणापासून ऐकलेलं आहे. दाराकडे बघितलं तर माभेले माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदाच, दोन वर्षांत. कपाळ पुढे करून, जणू मधे अजून काच आहे.

मी डोक्यावरचं फडकं खाली ओढून घट्ट केलं आणि नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट. मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने तोंडावर हात ठेवला. इथं ते परत लिहीत नाही, एकदा पुरे.

पोरीने लिहून घेतलं. मग म्हणाली, "पत्र आम्ही मागवून घेऊ. पण एकतीस तारखेला काय होईल, त्याचं वचन मी देऊ शकत नाही, मावशी."

"वचन मागायला आलेच नव्हते मी," मी म्हणाले. खोटं होतं ते.

नाव घेतलं की भरपाई माहेरून आणावी लागते. दुसऱ्याच दिवशी मी भावाकडे गेले. त्याने कारण ऐकलं आणि पांढरा बोकड दाव्यावरून सोडून माझ्या हाती दिला. नातीचा ताप उतरला होता, तरी आणला. उतरलेला ताप परत चढायला वेळ लागत नाही.

एकतीस तारीख शुक्रवारी गेली. शनिवारी उजाडताना मी आणि झोलेका वरच्या आवारात गेलो. पहारेकरी नव्हता. तेही बरं वाटलं नाही. किल्ली कुलपात घातली आणि माझी बोटं फिरवायला तयार होईनात. झोलेकाने माझ्या हातावर हात ठेवला. किल्ली फिरली. आत मटण जसंच्या तसं टांगलेलं होतं. झोलेका हसायला लागली आणि मग रडली. मी तिला म्हटलं, "हा एक दिवस झाला. उद्या परत फिरवायची आहे." तेव्हापासून रोज तसंच आहे. किल्ली फिरेपर्यंत मी श्वास घेत नाही.

तिला दुकानात सोडून मी घरी आले. गोठ्याच्या काटेरी कुडाशी शेजारचे चार पुरुष बोकड धरून उभे होते. पूर्वजांशी बोलायला घरातला मोठा पुरुष लागतो, आणि तो एकच उरला आहे. निरोप धाडला होता. लिंडिले आला. मला खाली मान घालून नमस्कार केला आणि गोठ्यात गेला. सुनेला गोठ्यात जाता येत नाही, मी बाहेर, फाटकापाशी थांबले.

तिथं मात्र त्याचा आवाज फुटला. कुळाची नावं, आजोबा, पणजोबा, आणि शेवटी बाप. बापाचं नाव त्याने असं खणखणीत घेतलं की टेकडीवरची गुरं माना वर करून बघायला लागली. आमच्या सुनेची चूक पोटात घाल, म्हणाला. पूर्वजांसाठी बिअर जमिनीवर ओतायला तो वाकला तेव्हा कोट उघडा पडला, आणि आतल्या खिशात मला ते पत्र दिसलं. तीच घडी, झोलेकाच्या अंगठ्याचा तेलाचा डाग तसाच. ऑफिसात ते कधी गेलंच नव्हतं.

तो बाहेर आला. रीतीने कापलेल्या बोकडाची मुंडी त्याला दिली, ती त्याने घेतली.

"झालं, वहिनी," तो म्हणाला. "आता मनात काही ठेवू नकोस."

मी हात पुढे केला. त्याला कळलं. पत्र काढून माझ्या हातात ठेवताना त्याने शेजाऱ्यांकडे बघितलं, पहारेकऱ्याकडे बघितलं होतं तसंच.

"लिंडिले," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुझ्या बापाचं नाव घ्यायची बंदी मला होती, तुला नव्हती. मी चुकले, बोकड दिला, फिटलं. तुझ्या गप्प बसण्याला कुठल्याच गोठ्यात बोकड नाही. ही मुंडी घेऊन जा, रीत आहे ती. शनिवारची मात्र आजपासून माभेलेच्या घरी जाईल. तुला हवी असेल तर दुकानात ये, रांगेत उभा राहा, आणि हे दार कुणी उघडं ठेवलं ते माझं नाव घेऊन सांग."