कोकिळाचं एका दमाचं भाषण

कोकिळा चुडामण पाटील महाराष्ट्राच्या कबड्डी संघात गेली आणि चोपड्याजवळच्या तिच्या एवढ्याशा गावाची छाती फुगली. समोर सात जणी दबा धरून उभ्या असल्या तरी ही पोरगी हसत हसत चढाईला जायची. पण माइक दिसला रे दिसला की ती कोणाच्या तरी पाठीमागे लपायची. तालुक्याच्या सत्कारात ती "धन्यवाद" एवढंच म्हणाली होती, तेही गळ्यातल्या हारात तोंड खुपसून, त्यामुळे कोणाला ऐकूच गेलं नाही.

या वेळी मात्र सुटका नव्हती. धुळ्याला देवपुरात तिचे प्रशिक्षक जितेंद्र सर मुलींचं महिनाभराचं कबड्डी शिबिर घेणार होते, कोकिळाही त्यांच्या मदतीला तिथे राहणार होती, आणि गावातल्या कावेरीची त्यात निवड झाली होती. पोरगी अशी चपळ की कोकिळालासुद्धा तिचा हेवा वाटायचा. पण तिची आई, बेबाबाई, काही केल्या तिला पाठवायला तयार नव्हती. सर दोनदा तिच्या घरी जाऊन नुसता चहा पिऊन परत आले होते.

"माझं नाही ऐकत त्या," सर म्हणाले. "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या बायका जमतील. तू बोल. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघायचंय, तेव्हा हीच शेवटची संधी."

"सर, त्यापेक्षा मला मैदानाला पन्नास फेऱ्या मारायला सांगा ना!"

सरांनी फेऱ्या नाही सांगितल्या, भाषण लिहून दिलं. चांगलं भारदस्त, 'आदरणीय माताभगिनींनो'पासून सुरू होणारं. एका जागी बसून पाठ करणं काही कोकिळाच्या रक्तात नव्हतं. ती केळीच्या बागेच्या कडेने रोज धावायची आणि धावता धावताच घोकायची. इथेच घोटाळा झाला.

हळदीकुंकवाला देवळापुढचा मांडव बायकांनी भरून गेला. बेबाबाई अगदी पुढे, मांडी ठोकून बसलेली, आणि तिच्या पाठीमागे कावेरी. कोकिळाचं नाव पुकारलं. ती उठली, माइकपाशी गेली, चढाईआधी करते तशी खाली वाकून जमिनीला हात लावून नमस्कार केला, छाती भरून श्वास घेतला आणि सुटली!

कबड्डीत चढाईला गेलेल्या खेळाडूचा दम तुटला की ती बाद. कोकिळाने दहा वर्षं दम तुटू न देण्याचंच काम केलेलं, आणि भीतीत माणूस सवयीचंच करतो. आदरणीय माताभगिनींनोआजच्यायामंगलप्रसंगी करत तिने सगळं भाषण एका दमात उडवलं. ना थांबा, ना विराम. शेवटच्या 'जय महाराष्ट्र'ला तोंड लालबुंद झालं होतं, पण दम काही तुटला नव्हता. 

मग बेबाबाई म्हणाली, "व माय, कोठे आग लागनी का व? काहीच समजनं नही."

अख्खा मांडव खो खो हसायला लागला. कोकिळाला वाटलं, आता धरणी फाटेल तर बरं. पण धरणी ढिम्म हलेना. बायका इतक्या मनापासून हसत होत्या की तिलाही हसू फुटलं, आणि हसता हसता भीती कधी पळाली ते तिचं तिलाच कळलं नाही.

"मावशी, मालेबी काही समजनं नही," ती माइक बाजूला सारत म्हणाली. "तू इचार, मी सांगस."

बेबाबाई कशाला मागे हटते! पोरीचा पाय मोडला तर, ही तिची पहिली धास्ती. "पाय मोडना ते?"

"मना मोडना व्हता. दख, आते चांगला शे." कोकिळाने तिथेच पाय आपटून दाखवला.

"लगीन कोन करी मंग?"

"करी कोनी तरी! मनं नही व्हयनं आजून, मी मरनी का?"

पुन्हा हशा. कोकिळाची आई प्रमिलाबाई तेवढी हसली नाही, तिने कपाळाला हात लावला. बेबाबाई मात्र पुढे सरकली. मग हलक्या आवाजात तिने खरा प्रश्न विचारला. "मनी पोर तठे रडनी ते?"

आपली पोर तिथे रडली तर, या प्रश्नाचं उत्तर सरांच्या कागदावर नव्हतं. कोकिळा माइक सोडून पुढे आली आणि बेबाबाईच्या पुढ्यात बसली.

"रडी, मावशी. मी बी रडनी. पन मी शे ना तठे. मनाजोडे झोपाडसू तिले."

कावेरीला आपल्याजवळ झोपवीन, हे ऐकलं आणि बेबाबाई विरघळली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायच्या भानगडीत ती पडली नाही. मागे हात घालून तिने कावेरीला पुढे ओढलं आणि तिचा हात कोकिळाच्या हातात दिला.

"ली जाय," ती म्हणाली. "पन एक कर व पोरी. हाई चार लोकांमा तोंड उघाडस नही. तिले तुनासारखं बोलानं शिकाडजो."