उजवा पाय

वालूरच्या आबासाहेबांची जुनी मोटार म्हणजे एक नमुनाच होता. गावात आधी तिचा आवाज यायचा, मग धूर, आणि सगळ्यांत शेवटी आबासाहेब. पण आश्रुबापुढं तिला नावं ठेवायची सोय नव्हती. ती चालवायचा म्हणून गावात त्याला कुणी अरे-तुरे करत नसे, आणि हे तो कधी विसरत नसे.

आता नवी मोटार येणार होती आणि जुनी देवगाव फाट्याचा एक व्यापारी नेणार होता. नव्या मोटारीबरोबर येणारा हैदराबादचा ड्रायव्हरच ठेवून घ्यावा, असं आबासाहेबांच्या मनात होतं. आश्रुबाची झोपच उडाली. मोटार गेली की पुन्हा बैलांचे कासरे. त्याच्या बाजूनं एकट्या पार्वतीबाई उभ्या राहिल्या. "आश्रुबा नसला तर मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही," असं त्यांनी नवऱ्याला ठणकावलं. बायकोपुढं आबासाहेबांचं काही चाललं नाही.

त्या सकाळी बाईंनी जुन्या मोटारीला हळदकुंकू वाहिलं. "लय केलंस माय आमच्यासाठी," म्हणत आश्रुबानं तिच्यावरून हात फिरवला आणि ढसाढसा रडला. जमलेली माणसं तोंडावर उपरणं धरून हसली.

तेवढ्यात नवी मोटार फाटकाशी येऊन थांबली. घरची गाडी घरच्या माणसानंच आत आणायची, हा बाईंचा हट्ट. आश्रुबा स्टिअरिंगमागं बसला. ड्रायव्हर त्याच्या शेजारी सरकला, त्यानं गियर टाकला आणि म्हणाला, "डावा पैर हल्लू छोडो. और उस्ताद, इसका ब्रेक..."

"मालूम हाय, मालूम हाय," आश्रुबानं त्याला तोडलं. सगळ्या गावासमोर शिकवून घ्यायचं म्हणजे इज्जतच गेली की!

गाडी हळूहळू आत शिरली. ओट्यापुढं पार्वतीबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या, तोंडभर हसत. आता थांबायचं. जुन्या मोटारीचा ब्रेक पायाशी उजव्या टोकाला होता आणि पेट्रोलची दांडी हाताशी. आश्रुबाचा उजवा पाय नेहमीच्या जागी गेला आणि गाडीनं झेप घेतली. घाबरून त्यानं पाय आणखी जोरात दाबला.

बाई ओट्यात आणि गाडीत सापडल्या.

नव्या मोटारीचं तोंड फुटलं होतं, म्हणून जुनीच बाहेर काढली. आश्रुबानं ती सेलूच्या दवाखान्याकडं जीव मुठीत धरून पळवली, पण अर्ध्या वाटेतच मागं बाईंना धरून बसलेल्या सुनेनं हंबरडा फोडला. तो तसाच पुढं जात राहिला. थांबायचं कुणी सांगितलंच नाही.

दहन करून आल्यावर आबासाहेबांनी दोघांना समोर उभं केलं. ड्रायव्हर हात जोडून, आश्रुबाकडं बघत म्हणाला, "सरकार, इनो ब्रेक समझ के पेट्रोल दबा दिये."

आबासाहेबांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "आश्रुबा, तू सांग. ब्रेकच लागला नसंल ना?"

खरं अगदी ओठापर्यंत आलं होतं. पण ते सांगितल्यावर या घरात, या गावात कुठल्या तोंडानं राहायचं? "न्हाई लागला, मालक," तो बोलून गेला.

ड्रायव्हरला शिव्या घालून गावाबाहेर काढलं. नवी मोटार अपशकुनी ठरली आणि बैल जुंपून सेलूला ओढत नेली. व्यापाऱ्याला नकार गेला. आश्रुबाची नोकरी राहिली, मोटारही राहिली. मागितलं होतं ते सगळं मिळालं.

तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन गंगाखेडला, गोदावरीवर जायचं होतं. आबासाहेब मडकं मांडीवर घेऊन मागं बसले. आश्रुबा मोटार चालू करायचं हँडल घेऊन पुढं निघाला, तसा त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सावकाश हाक बाबा. तिला लय लागलंय."

आश्रुबा हँडल मारायला खाली वाकला, आणि त्याला परत उभंच राहता येईना.