अष्टपुत्रीची गोधडी

तांबडं कधी रंग सोडत नाही, हे गोदाबाईंना कुणी शिकवलं नव्हतं. बऱ्हाणपुरात जन्मलेल्या बाईला ते शिकवावं लागत नाही. निळ्याला भ्यावं, काळ्याला भ्यावं, हिरव्याचा तर विश्वासच धरू नये. पण तांबडं म्हणजे पक्कं. त्यांच्या आजीचा आलीच्या झाडाच्या मुळीत रंगवलेला जाडाभरडा तांबडा खारवा आजी गेल्यावरही तीस वर्षं अंथरुणात होता, आणि शेजारच्या पांढऱ्या चादरीला त्यानं कधी ठिपका लावला नव्हता. त्याच भरवशावर बाई बसल्या. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय!

गोधडी शिवायची होती नातीसाठी. रजनी आठ महिन्यांची. तिची आई सुमन, गोदाबाईंची एकुलती एक लेक, बाळंतपणाला माहेरी आली ती परत गेलीच नाही. रक्त थांबलं नाही, मग ताप चढला, आणि अकराव्या दिवशी सगळं आटोपलं. पोर गोदाबाईंनी गाईच्या दुधावर वाढवली. आता जावई, वसंतराव, तिला न्यायला येणार होते. ते खंडव्याच्या कचेरीत कारकून. छप्पन सालच्या एक नोव्हेंबरला नवं राज्य झालं आणि त्यांची बदली निघाली थेट रिव्याला. रिवा कुठं, बऱ्हाणपूर कुठं! तुळशीचं लग्न झालं की येतो, असं त्यांनी कळवलं होतं. त्यांचं दुसरं लग्नही ठरत आलं होतं. तेही रीतच म्हणायची, त्यात त्यांचा काय दोष?

पण पोरीला आईचं काहीतरी जायला हवं होतं. सुमनच्या पेटीत तिची अष्टपुत्री होती, लग्नात मामानं नेसवलेली हळदीची साडी. दोन-चार धुण्यांत हळद उतरून ती दुधासारखी पांढरी आणि मऊ झाली होती. गोधडी हिचीच करायची, हे गोदाबाईंनी मनाशी पक्कं केलं. अडचण एकच. नुसत्या पांढऱ्यात लेकरू गुंडाळत नाहीत. पांढऱ्यात कुणाला गुंडाळतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून चारी बाजूंनी तांबडी पट्टी हवी, आणि मधे तांबडी ठिगळं. दृष्टही लागत नाही त्यानं.

तांबडं कापड घरातच होतं. त्यांचे यजमान गजाननराव सरकारी कचेरीत रेकॉर्डवर होते. नवं राज्य म्हणून दफ्तरं इकडची तिकडं निघाली, कागद बांधायला तांबड्या कापडाचे नवे बस्ते आले, त्यातले उरलेसुरले तुकडे साहेबांनी "ले जाओ भाई" म्हणून वाटून टाकले. गजाननरावांनी चार आणले. रंग कसा, तर कुंकवासारखा. गोदाबाईंनी पाच-सहा दिवस मान वर केली नाही. टाका असा बारीक, की बोटानं चाचपला तरी लागू नये.

शिवून झाली आणि त्यांच्या मनात आलं, की मेल्या माणसाचं वस्त्र आहे, तापात गेलेल्या बाईचं. धुतल्याशिवाय लेकराच्या अंगाला कसं लावायचं? तेही साध्या पाण्यात नको. त्यांनी मोठ्या सतेल्यात पाणी उकळलं, सोडा टाकला, गोधडी आत सोडली आणि रजनीला दूध पाजायला गेल्या.

परत येऊन बघतात तो सतेल्यातलं पाणी लाल. काठीनं गोधडी उचलली. अष्टपुत्रीवर मधोमध लाल ओघळ पसरला होता. असली पांढऱ्यावरची लाली त्यांनी आठ महिन्यांपूर्वी याच घरात, सुमनच्या अंथरुणात पाहिली होती. ती चादर त्यांनी स्वतः तापीत सोडली होती.

"माय वो!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

मागच्या गल्लीतल्या कडू नावाच्या रंगाऱ्याची बायको भागाबाई धावत आली. तिचे हात कोपरापर्यंत कायमचे निळे. तिनं एक चिंधी ओली करून पट्टीवर घासली आणि गोदाबाईंसमोर धरली. चिंधी लाल झाली होती.

"कच्चा रंग हाय, काकू. पुडीतला. शिवायच्या आधी येवढं घासून पाह्यचं होतं ना! खडेमिठाच्या पाण्यात रातभर ठेवलं असतं, तर काय सुटायचं ते तवाच सुटलं असतं. अन् वरून सोडा? उकळतं पानी?"

"तांबडं आहे गं, मला वाटलं..."

"आता तांबडं बी पह्यलेसारखं नाही राह्यलं."

"मग आता मीठ टाकू? तुरटी?"

"हात नका लावू तुरटीला! जिथं लागला तिथंच धरून बसन रंग. आता याले एकच विलाज. गार पानी. दर घंट्याले बदला. पिळू नका, घडी घालू नका, उन्हाला दावू नका. अन् वाळू तर बिलकुल देऊ नका. वाळली की खतम, मंग ब्रह्मदेव आला तरी डाग निघत नाही."

"किती दिवस?"

"तीन-चार तरी लागतीन."

तुळशीच्या लग्नाला अजून सहा दिवस होते. गोदाबाईंनी पदर खोचला. आडाचं पाणी ओढायचं, घंगाळात गोधडी पसरायची, लाल पाणी ओतून द्यायचं, पुन्हा ओढायचं. भिजलेली गोधडी उचलताना कमरेत कळ यायची. गजाननराव म्हणाले, "बाई ठेवू का हाताखाली?" त्या ओरडल्या, "माझी लेक आहे ती, मी धुईन!" दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी गुलाबी यायला लागलं. ओघळ फिका पडला, पण दिसत होता.

आणि तेव्हाच दारात टांगा थांबला. वसंतराव! विहीणबाई टांग्यातून उतरल्यासुद्धा नाहीत.

"आई, तार आली. सोमवारी हजर व्हायचंय. चारच्या गाडीनं निघावं लागेल."

"दोन दिवस थांबा हो, जावईबापू. दोनच."

"नोकरी जाईल माझी."

गोदाबाईंनी त्यांना मागच्या अंगणात नेऊन घंगाळ दाखवलं. वसंतरावांनी पाहिलं आणि मान वळवली. तेही त्या दिवशी या घरात होतेच की! मग म्हणाले, "अशीच द्या. ओलीच बांधून नेतो."

गोदाबाईंचे हात घंगाळात गेले. पण गाडीत दोन दिवस बोचक्यात राहिली, तर डाग तिथंच बसणार, आणि लेकरू जन्मभर त्या डागावर निजणार. विहीणबाई तर पहिल्याच दिवशी चुलीत घालतील. त्यांनी हात बाहेर काढले.

"नको. साफ करून पाठवते. पत्ता तेवढा कळवा."

रजनीनं जाताना त्यांच्या ओल्या पदराची मूठ धरली. ती सोडवावी लागली.

पुढं तीन दिवस बाईंनी पाणी बदललं. घरात पोर नाही, पाळणा नाही, नुसता रहाटाचा आवाज. पाचव्या दिवशी पाणी नितळ आलं. गोधडी सावलीत वाळली, आणि भागाबाईनं उजेडात धरून उलटी-सुलटी पाहिली. डाग औषधालासुद्धा नव्हता. पट्ट्या तेवढ्या विटल्या होत्या. गोदाबाईंनी ती धुतलेल्या पंच्यात बांधली आणि रोज पोस्टमनची वाट पाहू लागल्या.

पत्र आलं ते पौषात. गजाननरावांनी वाचून दाखवलं. लग्न साधेपणानं पार पडलं. रजनीला नव्या आईचा लळा लागला आहे. तिला दुसरी कुणी आई होती हे तिला कधी कळू नये, असं घरच्यांचं म्हणणं आहे. तरी गोधडी पाठवण्याची तसदी घेऊ नये. राग नसावा.

गजाननरावांनी चष्मा काढला. गोदाबाई उठल्या, फळीवरचं कार्ड आणि दौत आणून त्यांच्यापुढं ठेवली.

"त्यांनी ती तशी पाहिली ना, म्हणून नको म्हणताहेत. लिहा तुम्ही. डाग निघाला म्हणावं. सगळा निघाला."

"अगं, त्यांनी डागाचं काही लिहिलेलं नाही."

"लिहा हो!"

गजाननरावांनी बायकोच्या तोंडाकडं पाहिलं आणि लिहिलं. उत्तर आलं नाही.